ग्रुपवर टाकलं, पुढं काय?

"डिजिटल माध्यमातून युवकांचा ग्रामविकासात सहभाग" असल्या नावाची कार्यशाळा तालुक्याला होते, पोरं जाऊन येतात, फाईल मिळते, पेन मिळतं, जेवण बरं असतं, आणि परत आल्यावर काय सांगितलं म्हणून विचारलं की कोणाला धड काही सांगता येत नाही. विषय काय तसा अवघड नाहीये. अवघड शब्दांत गुंडाळून दिला की अवघड वाटतो. मी जरा सोडवून सांगतो, आणि उदाहरणं आपल्या कोकणातलीच घेतो, कारण इथली परिस्थिती थोडी वेगळीच आहे.

वेगळी म्हणजे मुळात माणसंच कमी. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सगळ्या देशाची लोकसंख्या वाढली आणि रत्नागिरी जिल्ह्याची मात्र १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली, सिंधुदुर्गचीपण घटली. त्याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका दिसतात, आणि यात खूश होण्यासारखं काही नाही, बाप्ये मुंबईला आहेत म्हणून तो आकडा तसा आहे. तेव्हा "गावातले तरुण" असं म्हटलं की नक्की कोण, हे आधी ठरवायला लागतं. एक तर गावात राहिलेली पोरं, रिक्षावाली, बागेत नाहीतर बोटीवर कामाला जाणारी, तालुक्याच्या कॉलेजात एसटीनं जाणारी. दुसरे चाकरमानी, विरार-नालासोपारा-दिवा-डोंबिवलीतून गावावर जीव टाकणारे. आणि तिसऱ्या गावातल्या मुली आणि नव्या सुना, ज्यांना "वाडीतली पोरं" म्हणताना कोणी मोजतच नाही, पण वर्षाचे बारा महिने गावात असतात त्या याच. तुमच्या गावाच्या ग्रुपमधे या तिसऱ्या गटातल्या किती जणी आहेत ते एकदा बघा जरा.

आता जाळ्याचं. कोकणाला माणसांचं जाळं मोबाईलनं दिलेलं नाही. मुंबईच्या गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या, एका खोलीत एका गावची वीस-पंचवीस माणसं, तिथंच वर्गणी, तिथंच मंडळ, तिथूनच देवळाचा जीर्णोद्धार आणि शाळेची कौलं. मनिऑर्डर आणि सणाला येणारा माणूस एवढ्यावर गावाची बरीच कामं उभी राहिली. आज त्याच मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप झालाय इतकंच. त्यामुळं बाहेरून कोणी येऊन "आपण तरुणांचं नेटवर्क तयार करूया" म्हणतो तेव्हा मला गंमत वाटते, अहो ते आहेच, त्यातून काम कसं काढायचं ते सांगा.

यावर समाजशास्त्रात एक कामाची गोष्ट आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर म्हणून अमेरिकन अभ्यासक, त्यांनी १९७३ मधे दाखवलं की माणसाला नोकरीची बातमी बरेचदा जवळच्या मित्राकडून न मिळता तोंडओळखीच्या माणसाकडून मिळते. कारण सरळ आहे, जवळच्या सगळ्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, नवीन माहिती येते ती लांबच्या धाग्यानं. वाडीतली पोरं रोज एकमेकांना भेटतात, जीवाला जीव देतात, पण गावाच्या साकवासाठी, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलासाठी, कुठल्या योजनेत पैसा आहे हे त्यातल्या एकालाही माहीत नसतं. ते माहीत असतं मंत्रालयात शिपाई असलेल्या कोणाच्या तरी मेव्हण्याला, नाहीतर पंचायत समितीत लागलेल्या शेजारगावच्या मुलीला. घट्ट नाती लागतात ती श्रमदानाला, पालखीला, अडीअडचणीला, आणि सैल नाती लागतात माहितीला. गावाच्या ग्रुपात फक्त गावातलीच माणसं ठेवली तर भांडणं कमी होतील कदाचित, पण नवीन काही येणार नाही.

बरं, माहिती आली तरी ती पोचायला पाहिजे. पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी वरून सोडलं म्हणजे शेवटच्या आळ्यापर्यंत गेलंच असं होत नाही, कोणीतरी खोरं घेऊन पाटाबरोबर चालायला लागतं, मधे कुठं फुटलंय ते बघायला लागतं. ग्रुपवर टाकलेल्या मेसेजचं तेच. मिस्त्रीच्या हातातल्या साध्या फोनवर, सड्यावरच्या, म्हणजे उंचावरच्या कातळाच्या माळावरच्या, वाडीत जिथं रेंजच नाही तिथं, आणि ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो बाप्याच्या खिशात आहे तिथं तो मेसेज जात नाही. लॉकडाऊनमधे २०२० ला सिंधुदुर्गात डोंगरावर झोपडी बांधून ऑनलाईन शिकणाऱ्या मुलीची बातमी सगळ्यांनी कौतुकानं वाचली, मला त्यात कौतुकाइतकाच राग येण्यासारखा मामला वाटला. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची योजना २०११ ला मंजूर झाली, पुढं तिचं नाव भारतनेट झालं. पण तार ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत आली तरी आपल्या वाड्या तिथून दोन-तीन डोंगर लांब असतात. देशावरच्यासारखं सलग गावठाण इथं नाही.

आता मुख्य मुद्दा, सहभाग. रॉजर हार्ट यांनी १९९२ मधे युनिसेफसाठी मुलांच्या आणि तरुणांच्या सहभागाची एक आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्याआधी १९६९ ला शेरी आर्नस्टीन बाईंनी नागरिकांसाठी तशीच मांडली होती. हार्टची गंमत ही की खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही. सगळ्यात खाली वापरून घेणं, म्हणजे पोरांच्या हातात बॅनर द्यायचा आणि त्यावर काय लिहिलंय ते त्यांना माहीतच नाही. त्याच्यावर शोभेसाठी, म्हणजे पाहुणे आले की लेझीम आणि स्वागतगीत. तिसरी नावापुरती, म्हणजे समितीत एक युवक प्रतिनिधी, त्याला मीटिंगची वेळ मीटिंग झाल्यावर कळते. चौथीपासून पुढं खरं सुरू होतं, काम नेमून दिलं पण कशासाठी ते नीट सांगितलं, मग मत विचारलं आणि त्या मताचं काय झालं ते परत येऊन कळवलं, आणि वर जाता जाता मोठ्यांनी सुरू केलेल्या कामात निर्णय बरोबरीनं, मग पोरांनी स्वतः सुरू केलेलं काम, आणि सगळ्यात वरती पोरांनी सुरू केलेल्या कामात मोठ्यांना बरोबर घेऊन एकत्र ठरवणं.

शेवटची पायरी बघा, तिथंसुद्धा मोठी माणसं आहेतच. पोरांनी सगळं ताब्यात घ्यायचं असं त्यात कुठंच नाही.

आपल्याकडं मोबाईल आल्यावर झालं काय, तर चौथ्या पायरीवरची एक खोली पोरांना कायमची राहायला दिली. "अरे बाबू तू जरा ते ऑनलाईन कर", "तू फोटो काढ, स्टेटस लाव", "तू क्यूआर कोड बनव वर्गणीचा". वर्गणी कुठं खर्च करायची ते मात्र सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावर, बसलेली पाच माणसं ठरवणार. पोरगा दोन वर्षं हौसेनं करतो, तिसऱ्या वर्षी मुंबईला जातो, आणि मग गाव म्हणतं आजकालच्या पोरांना गावाचं काही पडलेलं नाही. मला विचाराल तर तरुण येत नाहीत याचं उत्तर ॲपमधे शोधण्यात अर्थ नाही, ठरवताना त्यांना बसायला जागा दिली की ती येतात.

हे नुसतं बोलून कळणार नाही म्हणून एक काम घेऊ आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत जाऊ. पाणीच घेऊ.

तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा मुलूख, आणि एप्रिलात वाड्यांवर टँकर. जांभ्या दगडातून पाणी झरतं आणि उतारावरून समुद्राला जातं, सगळ्यांना माहीत आहे. पण ग्रामसभेत "आमच्या वाडीला पाणी नाही" असं ओरडलं की सरपंच म्हणतात सगळ्याच वाड्यांना नाही, आणि विषय संपतो. इथं पोरांचं काम सुरू होतं. वाडीतली प्रत्येक विहीर, बाव, झरा, बोअर, मोबाईलवर लोकेशनसकट नोंदवायचं. मग जानेवारीपासून मेपर्यंत दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला दोरीला खूण करून पाणी किती खाली गेलं ते मोजायचं, फोटो काढायचा, किती घरं तिथून पाणी भरतात ते लिहायचं. एवढंच. एका उन्हाळ्यात कळतं की कुठली विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते आणि कुठली मेच्या शेवटापर्यंत टिकते, आणि टिकते ती का टिकते हे विचारायला मग म्हाताऱ्यांकडं जायचं, कारण पूर्वी पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, बांध कुठं घालायचे हे त्यांना माहीत असतं. रात्री दोनला कोण कळशी घेऊन रांगेत उभं राहतं हे बायकांना विचारायचं, पोरांना ते माहीत नसतं.

नोंद करायला गुगल फॉर्म सगळ्यांना येतो पण त्याला रेंज लागते. कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके म्हणून फुकट साधनं आहेत, फॉर्म फोनवर आधीच उतरवून ठेवता येतो, सड्यावर रेंज नसताना भरायचा आणि स्टँडवर आल्यावर माहिती आपोआप वर जाते. नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप आहे, २००४ पासून चालू, कोणीही त्यात आपल्या गावची पाखाडी (पायऱ्यांची वाट), साकव, देऊळ, विहीर टाकू शकतो. हैतीला जानेवारी २०१० मधे भूकंप झाला तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून उपग्रहाचे फोटो बघून पोर्ट ओ प्रिन्स शहराचा नकाशा भरला आणि मदतवाल्यांनी तो वापरला. घरी बसून असं काम करता येतं म्हणजे डोंबिवलीतला चाकरमानी शनिवारी रात्री गावच्या वाटा काढू शकतो, आणि गावातली मुलगी त्या चालून बघून बरोबर आहेत का सांगू शकते. सुरुवातीला सांगितलेल्या तिन्ही गटांना मिळून करण्यासारखं काम हवं असेल तर हे बघा.

आणि नोंदवण्यातून काय उभं राहतं ते रत्नागिरीकरांना सांगायला नको. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे पायाखाली घातले, गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारलं, कातळशिल्पांच्या, म्हणजे सड्यावरच्या कातळात कोरलेल्या जुन्या चित्रांच्या, जागा नोंदवत गेले, आणि २०२२ मधे कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आली. गुराख्यांना ती चित्रं कायमच माहीत होती, कागदावर कोणी आणली नव्हती.

पाण्याकडं परत येतो. माहिती जमली, आता ती ग्रुपवर टाकून काही होणार नाही, तिला ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घुसवायला लागतं. दरवर्षी प्रत्येक ग्रामपंचायत असा आराखडा करते, "आमचं गाव आमचा विकास" हे नाव भिंतीवर वाचलं असेल. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या पाच वर्षांच्या निधीत ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच घालायचा, आणि ४० टक्के अबंधित, जो गावाच्या गरजेप्रमाणं वापरता यायचा पण पगारावर आणि कार्यालयाच्या खर्चावर नाही. आराखड्यात काय आहे, किती पैसे आले, कशावर गेले हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणालाही बघता येतं, २४ एप्रिल २०२० ला ते सुरू झालं, राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असं निवडत जायचं. पासवर्ड लागत नाही. माझा अंदाज असा की आपल्यातल्या बहुतेकांनी गावच्या क्रिकेट स्पर्धेचा लाईव्ह स्कोअर शंभरदा बघितलाय आणि हे एकदाही नाही.

पोर्टलवर एक आणि प्रत्यक्षात दुसरंच दिसलं तर आधी ग्रामसेवक भाऊंना (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) जाऊन नीट विचारा, बरेचदा नोंद उशिरा झालेली असते. नाहीच कळलं तर माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा, १० रुपये फी, ३० दिवसात उत्तर, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांत. पण पहिल्याच दिवशी माहितीचा अर्ज टाकून सुरुवात केली की गावात तुमच्याशी कोणी बोलत नाही, हेही लक्षात ठेवा.

मग ग्रामसभा. १८ पूर्ण झालं आणि गावच्या मतदारयादीत नाव असलं की तुम्ही ग्रामसभेचे सभासद, कोणी बोलवायची वाट बघायची नाही, निवडणुकीला उभं राहायला मात्र २१ लागतात. कोरम, म्हणजे सभा चालायला लागणारी कमीत कमी हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. कोरम भरला नाही म्हणून सभा तहकूब, आणि तहकूब सभा परत घेतली की तिला कोरमची अट नाही, म्हणजे दहा-पंधरा माणसांत ठराव पास. ही पळवाट म्हणा किंवा सोय म्हणा, गावोगाव हेच चालतं, आणि इथं पंचवीस पोरं नुसती येऊन बसली तरी चित्र बदलतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची आपल्या राज्यात कायद्यात तरतूद आहे, ती कागदावर होते का खरी होते ते गावातल्या मुलींनी बघायचं. विहिरींचा तक्ता तिथं आधी ठेवला तर मुख्य सभेत तो मागं पडत नाही. तक्ता छापून न्या, मोबाईल हातोहात फिरवू नका, आजोबांना स्क्रीनवर काही दिसत नाही आणि ते "नंतर बघू" म्हणतात. ठराव झाला की तो इतिवृत्तात कसा लिहिलाय ते त्याच दिवशी वाचून घ्या.

आणि सगळंच सरकारी पैशानं व्हायला पाहिजे असंही नाही. पावसाळा संपल्यावर रिकाम्या सिमेंटच्या गोण्या मातीनं भरून पऱ्यावर वनराई बंधारा घालायला दोन दिवस श्रमदान पुरतं, आणि कुठल्या पऱ्यावर घालायचा हे आता अंदाजानं ठरवावं लागत नाही, तुमच्या नोंदी सांगतात.

आपत्तीचं वेगळं बोलायला पाहिजे, कारण कोकणात तो दरवर्षीचा विषय झालाय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं, दापोली-मंडणगडपर्यंत माड, पोफळी, कौलं गेली, वीज कित्येक गावांत काही आठवडे नव्हती, टॉवर बंद, आणि मुंबईतली माणसं घरचा फोन लागेना म्हणून वेडीपिशी. म्हणजे ज्या दिवशी डिजिटलची सगळ्यात जास्त गरज त्याच दिवशी ते नसतं. म्हणून गावाची यादी, कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोणाकडं बोट आहे, कोणाकडं झाडं कापायचा कटर आहे, जनरेटर कुठं आहे, हे सगळं कागदावर छापून पोलीसपाटलांकडं आणि शाळेत ठेवलेलं असावं. फोन चालू असताना ही यादी करायची आणि फोन बंद पडल्यावर वापरायची.

फोन चालू असेल तर मात्र बरंच होतं. केरळात २०१८ च्या महापुरात राज्याच्या आयटी मिशननं आणि स्वयंसेवक इंजिनियर पोरापोरींनी मिळून मदतीची वेबसाईट उभी केली, कोण कुठं अडकलंय, काय पाहिजे, फोन नंबर काय, सगळं एका साच्यात. साच्याला महत्त्व का, तर पुराच्या वेळी "माझी आई अडकली आहे प्लीज मदत करा" एवढाच मेसेज शंभर ग्रुपांत फिरतो, ठिकाण नाही, वेळ नाही, आणि आईची सुटका झाल्यावरपण दोन दिवस फिरतच राहतो. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात भरलं, तसा दिवस पुन्हा आला तर मेसेजमधे तारीख, वेळ, नेमकी जागा आणि काम झाल्यावर "झालं" असं उलट कळवणारा माणूस, एवढ्या चार गोष्टी असल्या तरी बोट योग्य दारात जाते.

अफवांचं मी थोडक्यात सांगतो, सगळ्यांना माहीत आहे. १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावानं मारलं, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. गावच्या ग्रुपला दोन-तीन ॲडमिन पाहिजेत, वेगवेगळ्या वाड्यांतले, आणि त्यातली एक तरी बाई. योजनांच्या नावाखाली सगळ्यांचे आधारकार्डाचे फोटो ग्रुपवर मागवायची जी सवय लागलीये ती बंद करा, जिचं काम आहे तिनं ते एकाच माणसाकडं द्यावं. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते असं २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे, शाळेतल्या पोरांकडून सर्व्हे करून घेताना हे विसरायला होतं.

आता ज्या गोष्टीवर असली बहुतेक कामं मरतात ती. एका हुशार पोराच्या नावावर सगळं असतं, पेज त्याच्या जीमेलवर, फॉर्म त्याच्या अकाऊंटवर, तक्ता त्याच्या लॅपटॉपवर, आणि त्याला पुण्यात नोकरी लागते. वाईट कोणीच वागलेलं नसतं. म्हणून मंडळाच्या नावाचं वेगळं ईमेल पहिल्या दिवशी काढा, पासवर्ड तिघांकडं ठेवा, आणि दर सहा महिन्यांनी सगळा तक्ता छापून मंडळाच्या दप्तरात लावा. दहावी-बारावीच्या दोन मुलांना दरवर्षी शिकवून ठेवा.

वेळेचं गणित कोकणात सोपं आहे. गणपतीला सगळे गावात असतात, पुढच्या वर्षीच्या आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते, म्हणजे मधे काही दिवस नाहीतर काही आठवडेच मिळतात. आरतीनंतर एक संध्याकाळ धरा, पाण्याचा तक्ता वाचून दाखवा, वाडीची पहिली तीन कामं कुठली ते सगळ्यांदेखत ठरवा, मुंबईकरांनी वर्गणी आणि ओळखी सांगाव्यात, सह्या मात्र इथल्या मतदारांच्याच घ्याव्यात कारण तिकडच्या मतदारयादीत नाव असलेल्याला ग्रामसभेत मत नाही. अर्ज ग्रामपंचायतीत देऊन शिक्क्याची पोच घ्या. अर्जाखाली संपर्काचे दोन नंबर लिहा आणि त्यातला एक गावातच राहणाऱ्या मुलीचा किंवा सुनेचा असूदे, आराखडा पोर्टलवर चढला का ते बघायला आणि नसला तर ग्रामपंचायतीत जाऊन विचारायला.